तोरणेकाकांचं शेवटचं पान

मागच्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या मंडळीचे नवे सेक्रेटरी सुहास घरी आले. वर्तकनगरातल्या माझ्या दोन खोल्यांत पुस्तकांमुळे बसायला जागा नाही, म्हणून ते पलंगाच्या कडेवर बसले. डोंबिवलीत त्यांचं कॉम्प्युटरचं काम आहे. कल्याणच्या आमच्या लहानशा मराठी मंडळीचं ‘शेजार’ नावाचं मासिक पत्रक निघतं, ते त्यांनी आता इंटरनेटवर टाकलं आहे. टाकणं सोपं, एका दुपारचं काम, असं ते म्हणाले. पण तिथं लोक कसे आणायचे हे कळत नाही. पान किती वेळा उघडलं गेलं तो आकडा पानाच्या तळाशी आपोआप दिसतो म्हणे. पहिल्या आठवड्यात तो नऊ होता, आणि त्यातले सहा वेळा उघडणारे ते स्वतःच होते.

“ताई, तुम्ही तोरणेकाकांवर लिहा,” ते म्हणाले. “पत्रक त्यांनी सुरू केलेलं. लोक कसे ओढायचे ते त्या माणसाला कळलेलं. दोन चांगले शब्द लिहा, बाकी मी बघतो.”

मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात श्रीरामपूरहून एक पोस्टकार्ड आलं होतं, प्रमिला वारल्याचं. सुहासना प्रमिला माहीत नाही. ती इथून गेली तेव्हा ते शाळेत असतील. कार्ड मी वाचत असलेल्या पुस्तकात ठेवलं आणि त्या दिवसापासून पुस्तक पुढं सरकलेलं नाही. रोज संध्याकाळी थोडं लिहिते. लिहायला बसले की तोरणेकाका सगळे आठवत नाहीत, त्यांचा उजव्या हाताचा अंगठा तेवढा आठवतो.

काका मोहन्याला राहत आणि तिथल्याच कारखान्यात टाइम ऑफिसात होते. कोण कामगार किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर गेला, हे मस्टरवर लिहिण्यात त्यांची तीस वर्षं गेली. मस्टरची पानं उलटायला अंगठा जिभेला लावायची सवय तिथं लागली आणि ती जन्मभर राहिली. पवित्र शास्त्र वाचताना ते अंगठा ओला करत, गीतांचं पुस्तक उघडताना करत, दुसऱ्याच्या घरी पंचांग दिसलं तर तेही तसंच चाळत. मी ठाण्याच्या एका शाळेत ग्रंथपाल होते. माझ्याकडून नेलेलं पुस्तक ते परत आणत तेव्हा प्रत्येक पानाचा खालचा कोपरा लहान मुलाच्या लाळेऱ्यासारखा मऊ झालेला असे. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं ताट घेऊन तेच फिरत. ताट धरलेला तो अंगठा तुकड्यांच्या किती जवळ आहे, हे पाहिल्याशिवाय मला कधी तुकडा उचलता आला नाही. या गोष्टी लिहू नयेत हे मला कळतं. पण चांगले दोन शब्द लिहायचे तर आधी हे बाजूला काढून ठेवलं पाहिजे, आणि ते बाजूला होत नाही.

त्या अंगठ्याचं दुसरं काम मोजण्याचं. मोठी प्रार्थना सुरू झाली की सगळ्यांचे डोळे मिटलेले असत. काकांचे उघडे असत. शेवटच्या बाकाजवळ उभे राहून ते माणसं मोजत. उजव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या पेरांवरून एकेक करून पुढं सरकायचा. चार बोटांची बारा पेरं. बारा पुरी झाली की डाव्या हाताचा अंगठा एका पेरावर जाई, आणि उजवा पुन्हा पहिल्यापासून. आमेन म्हणेपर्यंत त्यांचा हिशेब झालेला असे. चाळीसच्या वर माणसं असली तर दारात सगळ्यांशी मोठ्यानं बोलत. चाळीसच्या खाली गेली तर काकू सांगायच्या, “आज हे जेवले नाहीत हो. पडून आहेत भिंतीकडं तोंड करून.”

मंडळीत माणसं येत नाहीत याचं त्यांना खरंच दुःख होतं. त्यात ढोंग नव्हतं, आणि माझी अडचण तिथंच आहे. ढोंगी माणसावर लिहिणं सोपं गेलं असतं.

‘शेजार’ त्यांनी काढलं ते ऐंशीच्या सुमाराला. चार पानं, सायक्लोस्टाइल. माझं अक्षर बरं म्हणून स्टेन्सिल माझ्याकडे आलं. मेणकागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं लिहायचं, जोर कमी पडला तर अक्षर उमटत नाही, जास्त झाला तर कागद फाटतो. मला ते काम आवडायचं. काका शनिवारी दुपारी मजकूर घेऊन यायचे, चटईवर बसायचे आणि मी लिहीत असताना माझ्या खांद्यावरून बघायचे. “अक्षर काय पडतंय पोरी तुझं,” म्हणायचे. “नुसतं अक्षर बघायला लोक थांबतील.”

लोक थांबत नव्हते. काका शंभर प्रती काढत, त्यांतल्या चाळीस मंडळीत जात. उरलेल्या साठ घेऊन ते कल्याणच्या एस.टी. स्टँडवर उभे राहत. प्रत हातात दिली की माणसाच्या मागं मागं जात, तो वाचतो की टाकतो ते बघायला. टाकलेली प्रत उचलून घरी आणत, काकूंकडून इस्त्री करून घेत आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वाटत. एकदा पानाच्या पिंकेचा डाग पडलेली एक प्रत त्यांनी माझ्यासमोर ओल्या फडक्यानं पुसली. डाग गेला नाही. “उत्पत्तीच्या पुस्तकातल्या वचनांच्या बाजूला आहे, चालेल,” म्हणाले आणि ती गठ्ठ्यात ठेवली.

वाचक यावेत म्हणून त्यांनी काय काय केलं. पवित्र शास्त्रातल्या नावांचं शब्दकोडं घातलं. नाताळच्या करंज्यांची कृती दिली. कल्याणच्या नळाला पाणी कधी येईल ते छापलं, आणि ते दोनदा चुकलं तेव्हा दोन बायका भांडायला आल्या. त्या दिवशी काका फार आनंदात होते. भांडायला आल्या म्हणजे वाचलं, असं त्यांचं म्हणणं.

मग कोपरीच्या मासळीबाजारातली ती गोष्ट. काका तिथं कोळणींना प्रती द्यायला गेले होते आणि मी बोंबील घ्यायला गेले होते, म्हणून मी ती पाहिली. एका वयस्कर कोळणीनं प्रत उलटसुलट केली आणि म्हणाली, अक्षर बारीक हाय, तूच वाचून दाव. काका ओट्यासमोर उकिडवे बसले आणि चारही पानं मोठ्यानं वाचली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. हातातला कोयता थांबला नव्हता, पण ऐकलं. मग म्हणाली,

“सगला बरा हाय रं मास्तर. पन यान कोनाचा काय झाला, त्या काय नाय.”

बाजूच्या दोघी हसल्या. काका हसले नाहीत. घरी परतताना पुलावर ते मध्येच थांबले आणि मला म्हणाले, “म्हातारी बरोबर बोलली. आपण देवाचं सांगतो. लोकांना लोकांचं पाहिजे.” ती बिचारी आपली गमतीनं बोलून गेली होती. पुढं जे झालं त्यात तिचा काही दोष नाही.

आमच्याकडे प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची पद्धत जुनी. चर्चच्या आतल्या खोलीत पाळकसाहेबांच्या टेबलावर एक लाकडी पेटी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, ‘फक्त पाळकांसाठी’. ज्याला जे कुणाजवळ बोलता येत नाही ते त्यानं चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. पाळकसाहेब चिठ्ठी वाचून प्रार्थना करत आणि ती फाडून टाकत. काकांनी दारापाशी दुसरी पेटी बसवली. या पेटीतल्या चिठ्ठ्या ‘शेजार’च्या शेवटच्या पानावर छापायच्या, म्हणजे सगळी मंडळी मिळून प्रार्थना करील. नावं द्यायची नाहीत, फक्त गाव द्यायचं. ‘वर्तकनगरातील एक बंधू दारूच्या व्यसनातून सुटावेत.’ ‘डोंबिवलीतील एका भगिनीच्या सासूच्या स्वभावासाठी.’ पाळकसाहेब म्हातारे आणि भिडस्त होते. मंडळी वाढत असेल तर बरंच आहे, असं म्हणाले.

नाव द्यायचं नाही हा नियम काकांनी अगदी प्रामाणिकपणे पाळला. पण आमची घरं ती किती. वर्तकनगरात पाच, डोंबिवलीत आठ-नऊ, कोपरीत दोन. त्या दोनांपैकी एका घरात ऐंशीच्या घरातल्या विधवा आजी एकट्या राहत. ‘कोपरीतील एक दांपत्य’ असं छापलं की नाव छापायची गरज राहत नसे. हे मंडळीतल्या लहान पोराला कळत होतं. काकांना कसं कळलं नाही हे मी कितीदा स्वतःला विचारलं. कळत नसावं असंच मला वाटतं. ज्या माणसानं तीस वर्षं माणसांची नावं न बघता बिल्ल्यांचे नंबर लिहिले, त्याला नाव काढलं की माणूस निघून जातो असं वाटत असावं.

चिठ्ठी मोघम असली की काका लिहिणाऱ्याला गाठून विचारत. आजारी म्हणजे काय, कुठला आजार, कुठल्या बाजूला. “मोघम प्रार्थना करायची म्हणजे पत्ता न घालता पत्र टाकायचं,” हे त्यांचं नेहमीचं वाक्य. “नेमकं लिहा. नेमकं मागा.” आणि लोक सांगत. त्यांना सांगताना बरं वाटत असे, हेही मी पाहिलेलं आहे.

सहा महिन्यांत प्रती तिप्पट झाल्या. लोक अंक हातात घेतला की आधी उलटा करायचे. उपासनेनंतर आवारात घोळके उभे राहायचे. कोण असेल, कुणाची असेल, अरे तोच तो रेल्वेतला. मग एक जण गंभीर चेहरा करून म्हणायचा, आपण प्रार्थनेत राहू या. मोहन्याच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये ‘शेजार’ फिरायला लागलं, जे कधी चर्चच्या दारात आले नव्हते तेही वाचायला लागले. माझ्या शेजारच्या पाटीलबाईंनी मला जिन्यात अडवून विचारलं, “ते वर्तकनगरातले बंधू म्हणजे तीन नंबरच्या इमारतीतले का हो?” मी नाही म्हटलं. तेच होते. मला तेव्हा पहिल्यांदा आपल्या हातांना शाईचा वास येतो आहे असं वाटलं. मी साबण लावून धुतले आणि पुढच्या अंकाला पुन्हा लिहायला बसले.

प्रमिला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. उपासनेत आम्ही गायनाला शेजारी शेजारी उभ्या राहायचो. कोपरीतलं ते दांपत्य म्हणजे ती आणि तिचे यजमान सामुएल. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. चिठ्ठी कुणी टाकली ते कळलं नाही, पण ‘कोपरीतील दांपत्याच्या पोटी फळ यावे’ ही ओळ दोन वर्षं शेवटच्या पानावर दर महिन्याला होती. मला ती पाठ झाली होती. बायका तिला दारात थांबवत आणि तिच्या पोटावर हात ठेवून तिथल्या तिथं प्रार्थना करत. एकदा बाहेरगावहून आलेल्या उपदेशकानं सगळ्यांसमोर तिच्या कपाळाला तेल लावलं, ते ओघळून डोळ्यांत गेलं. घरी जाताना ती रुमालानं डोळे पुसत होती आणि हसत होती.

“अगं, मंडळीतल्या सगळ्या बायकांचे हात फिरून झालेत माझ्या पोटावर,” ती म्हणाली. “बसच्या दांडीसारखं झालंय ते.”

एका शनिवारी काकांनी आणलेल्या चिठ्ठ्यांत एक घडी केलेली चिठ्ठी होती. प्रमिलाची सवय होती, आधी सगळ्या ओळीची अक्षरं काढायची आणि मग डावीकडून उजवीकडे एकच लांब शिरोरेषा ओढायची. मी घडी उघडली आणि मजकुराच्या आधी ती रेघ पाहिली.

‘पाळकसाहेबांस सलाम,’ असं लिहिलं होतं. ‘माझ्यासाठी चाललेली प्रार्थना कृपा करून थांबवावी. डॉक्टरांनी दोष माझ्यात नाही असे सांगितले आहे. पण घरातले हे बाहेर बोलायचे नाही असे मी यांना वचन दिले आहे. यांना फार लागलेले आहे. आपण कुणाला काही न सांगता ती ओळ तेवढी काढायला सांगावी.’

चिठ्ठी जुन्या पेटीतली होती, पाळकसाहेबांच्या. त्यांना त्या वर्षी मोतीबिंदू झाला होता आणि चिठ्ठ्या त्यांना काका वाचून दाखवत. ही वाचल्यावर पाळकसाहेब म्हणाले होते, आपण प्रार्थना करू. काकांनी ती परवानगी धरली.

मी काकांना म्हटलं, ही छापायची नाही. आयुष्यात मी त्यांना इतकं सरळ कधी बोलले नव्हते.

“का बरं? नाव कुठं आहे?”

“कोपरी आहे ना. कोण आहे ते सगळ्यांना कळेल.”

“अगं, किती नेमकं लिहिलंय पोरीनं. दोन वर्षं आपण चुकीच्या माणसासाठी मागत होतो. आता बरोबर मागू. हे वाचून लोक रडतील.”

“रडणार नाहीत, काका. हसतील.”

त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाले, “हसू देत. वाचतील तर.”

मी म्हटलं, निदान कोपरी काढा, कळवा किंवा दुसरं कुठलं गाव घाला. त्यावर त्यांना खरोखर धक्का बसला. चेहऱ्यावर दिसलं ते. “प्रार्थनेत खोटं घालू?” असं त्यांनी विचारलं, आणि अंगठा जिभेला लावून पुढची चिठ्ठी काढली.

मी ते लिहिलं. माझ्याजवळ स्टेन्सिलवर चूक बुजवायची लाल बाटली होती, एक थेंब पुरला असता. लेखणी जास्त दाबली असती तर कागद फाटला असता. ते काही मी केलं नाही. ओळ सरळ येते आहे ना, एवढंच मी बघत होते. कुणी मला सांगितलेलं काम मी नीट करते, ही माझी ख्याती होती आणि मला ती प्रिय होती.

तो अंक अर्ध्या तासात संपला. ‘शेजार’च्या इतिहासात तोच एक अंक दुसऱ्यांदा काढावा लागला. पुढच्या रविवारी उपासनेआधी कुणी तरी सामुएलच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालं, आम्ही तुमच्यासाठी गुडघ्यांवर प्रार्थनेत आहोत. सामुएल नकाशे काढायच्या कामाला होता, कमी बोलणारा, दाढी रोज करणारा नीटनेटका माणूस. पहिलं गीत चालू असताना तो बाकावरून उठला आणि मधल्या वाटेनं बाहेर गेला. प्रमिला माझ्या शेजारी उभी होती. तिनं ते कडवं शेवटपर्यंत म्हटलं, मग पुस्तक मिटून बाकावर ठेवलं आणि त्याच्यामागं गेली. त्यानंतर ती आमच्या चर्चमध्ये आली नाही.

बुधवारी ती माझ्या शाळेत आली. ग्रंथालयात मधल्या सुट्टीची मुलं होती, ती जाईपर्यंत एका कोपऱ्यात बसून राहिली. सामुएलनं अंक जेवणाच्या टेबलावर तिच्या ताटाशेजारी ठेवला होता, आणि त्या वेळेपासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं काही ती म्हणाली नाही. ती म्हणाली, तो स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवतो.

“मी पाळकसाहेबांना लिहिलेलं,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “अक्षर तुझं होतं.”

मी तिचं अक्षर ओळखलं होतं, तसं तिनं माझं ओळखलं होतं. मी काही बोलले नाही. मला काही बोलता येईना असं लिहिणं खोटं होईल. बोलता येत होतं. काकांचं नाव घेता येत होतं. ते घ्यावंसं वाटलं, आणि त्याचीच किळस येऊन मी गप्प राहिले. ती उठली, जाताना माझ्या टेबलावरची वाकडी झालेली पुस्तकांची चळत तिनं हातानं सरळ केली.

महिन्याच्या आत सामुएलनं बडोद्याला बदली मागून घेतली आणि जाण्याआधी तो तिला श्रीरामपूरला तिच्या माहेरी सोडून आला. पुढच्या अंकाच्या शेवटच्या पानावर काकांनी घातलं, ‘कोपरीतील त्या दांपत्याचा संसार पुन्हा जुळावा म्हणून.’ मी ते स्टेन्सिल लिहायला नकार दिला. दोन अंक दुसऱ्या कुणी लिहिले, त्यांची अक्षरं किडमिडी आली. मग काका पेढे घेऊन घरी आले, चटईवर बसले, आणि मी पुन्हा लिहायला लागले. हे मी काकांबद्दल सांगत नाही, हे माझ्याबद्दल आहे. पण ते गाळलं तर बाकीचं सांगायचा मला अधिकार नाही.

आणि काका तिच्यासाठी खरंच प्रार्थना करत होते. पहाटे चारला उठून ते शेवटच्या पानावरची एकेक ओळ गुडघ्यांवर बसून म्हणत. काकूंनी मला त्यांचे गुडघे दाखवले होते, उंटाच्या गुडघ्यांसारखे काळे आणि जाड. प्रमिलाचं नाव घेताना ते रडायचे. एकदा रजा काढून ते श्रीरामपूरला गेले, तिला परत आणायला. संध्याकाळी परस्पर माझ्याकडे आले, धुळीनं भरलेले. मी विचारलं, काय म्हणाली. काही म्हणाली नाही, असं ते म्हणाले. खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा दिला आणि समोर बसून राहिली.

“चहा दिला म्हणजे राग नाही तिच्या मनात,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. पोस्टकार्ड आलं तेव्हा पहिली आठवण त्या चहाची झाली.

काकांचं दुखणं नव्वदनंतरच्या कुठल्याशा उन्हाळ्यात सुरू झालं. तोवर ‘शेजार’चं सगळं काम माझ्याकडे आलं होतं. ठाण्याच्या रुग्णालयात त्यांना ठेवलं, तिथं मी एकटीच त्यांना भेटायला गेले. लघवीच्या मार्गाचा आजार होता आणि तो वाढलेला होता. पलंगाच्या कडेला नळी लावलेली पिशवी लोंबत होती, तिच्यातलं पाणी चहासारखं लाल होतं. मी आत गेले तेव्हा त्यांनी चादर ओढून ती पिशवी झाकायचा प्रयत्न केला. चादर पुरली नाही. मी टॉवेल घेतला आणि तिच्यावर टाकला. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मी बसून होते. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं.

“पोरी, मंडळीत सांगू नकोस,” ते म्हणाले. “प्रार्थना करतील.”

मी मान हलवली.

त्या शनिवारी दारातल्या पेटीत काकूंची चिठ्ठी होती. ‘यजमान आजारी आहेत. प्रार्थना असावी.’ एवढंच. काका दिसत नाहीत म्हणून लोक विचारत होते, तेव्हा काकूंनी जेवढं सांगता येईल तेवढं लिहिलं होतं. मी स्टेन्सिल समोर घेतलं. पाळकसाहेब आता हयात नव्हते, मजकूर तपासणारं कुणी नव्हतं. मी नेमकं लिहिलं. कुठलं रुग्णालय, कितवा मजला, कितवा पलंग, कुठला अवयव, नळी कुठं घातली आहे आणि तिच्यातून काय येतं. नियमाप्रमाणे नाव घातलं नाही. ‘मोहने येथील एक बंधू’ असं लिहिलं. अक्षर फार चांगलं आलं होतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. का केलं, तेही सांगत नाही. मला ठाऊक आहे, आणि ते वाचणाऱ्यालाही कळेल. प्रमिलाचं त्यानं काही भलं झालं नाही. लिहून झाल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. मी उठून मोरीत गेले आणि साबण लावून पुन्हा पुन्हा हात धुतले.

दुसऱ्या रविवारी दुपारी भेटीच्या वेळेला मी रुग्णालयात गेले. जिन्यापासूनच आपली माणसं दिसायला लागली. मंडळीतली होती, मंडळी सोडून गेलेली होती, कारखान्यातली होती, आमच्या जिन्यातल्या पाटीलबाई होत्या, आणि कोण कोण मला ओळखू न येणारेही होते. कुणाच्या हातात मोसंबी, कुणाच्या हातात घडी घातलेला अंक. नर्स सगळ्यांना ओरडून रांगेत एकेक करून सोडत होती. प्रत्येक जण पलंगाशी थांबायचा, आधी खाली पिशवीकडे बघायचा, मग काकांकडे. कुणीतरी टॉवेल काढून ठेवलेला होता. काकू उशाशी बसून प्रत्येकाला हात जोडत होत्या.

काकांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. मी रांगेत नव्हते. पलीकडच्या रिकाम्या पलंगापाशी उभी होते, तिथून मला त्यांची बाजू दिसत होती. त्यांनी मला पाहिलं की नाही कोण जाणे. डोळे उघडे होते, भिंतीच्या पोपडे गेलेल्या जागेवर लागलेले. एक माणूस पुढं सरकला, दुसरा आला. चादरीवर पडलेला त्यांचा उजवा हात हलत होता. मग पाहिलं, अंगठा करंगळीच्या पेरावरून सरकत होता, तिथून पुढच्या बोटावर. पावलं वाजली की एक पेर. रांग दाराबाहेर जिन्यापर्यंत गेली होती. डाव्या हाताला सलाईन लावलेलं होतं, सुई हलू नये म्हणून तो हात फळीला बांधलेला होता. बारा पुरे झाले तेव्हा त्या बांधलेल्या हाताचा अंगठा हळूच उचलला गेला आणि पहिल्या पेरावर जाऊन बसला.